सापडलेल्या नाण्याची साक्ष
(प्रस्तावना)

दख्खनमधल्या जुन्या गावांच्या पांढरीवर पहिला मोठा पाऊस पडून गेला की माती धुपते आणि खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. त्यांच्यात क्वचित एखादा काळपट, चपटा, धड गोल नाही की धड चौकोनी नाही असा धातूचा तुकडा असतो. असाच तुकडा कधी नांगराच्या फाळाला लागून वर येतो, कधी विहिरीच्या गाळातून, कधी घराचा पाया खणताना. उचलणारा शेतकरी असतो, गवंड्याच्या हाताखालचा मजूर असतो, गुराखी असतो, नाहीतर शाळेत जाणारे पोर. चोळून पाहिल्यावर काळिम्याखाली चांदी चमकते. नाण्याच्या आयुष्यातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच. त्या माणसाने पुढे काय केले, यावर त्या नाण्यातून इतिहासाला काही मिळणार की नाही हे ठरते.

नाणे सराफाच्या मुशीत गेले तर सारेच संपते. ते एखाद्या संग्राहकाच्या मखमली पेटीत गेले तर राजाचे नाव, वजन, चिन्हे एवढे उरते; ते कुठून आले हे मात्र दोन हात बदलताच पुसले जाते. आणि ते गावाच्या, शेताच्या, तारखेच्या नोंदीसह संग्रहालयात पोचले तर एक मासा-दोन मासे चांदीचा तो तुकडा व्यापारी वाटा, राज्यांच्या सीमा, लढायांचे निकाल यांबद्दल बोलू लागतो. सापडलेल्या नाण्याची अर्धी साक्ष त्याच्या अंगावर असते आणि उरलेली अर्धी ते जिथे सापडले त्या मातीत असते. अंगावरची साक्ष अभ्यासक नंतर केव्हाही वाचू शकतो. मातीतली साक्ष फक्त सापडवणाराच जपू शकतो. म्हणून हे पुस्तक नाण्यांबद्दल जितके आहे, तितकेच ती सापडवणाऱ्या माणसांबद्दलही आहे.

पुस्तकाचा मुलूख हैदराबादभोवतीचा आहे. आजच्या तेलंगणातली गोदावरी आणि मांजरा खोरी, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असलेला आपला मराठवाडा, असा तो पसरलेला आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. पैठण आणि तेर ही सातवाहनकाळातली मोठी शहरे निजामाच्या राज्यात होती. हैदराबादचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, तेव्हा अजिंठा आणि वेरूळही त्यांच्याच अखत्यारीत आले. पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयाचा नाणेविभाग देशातल्या मोठ्या नाणेसंग्रहांपैकी एक आहे. सातवाहन, इक्ष्वाकू, बहमनी आणि कुतुबशाही नाण्यांच्या ज्या सूच्या या संग्रहालयाने १९६०च्या दशकात काढल्या, त्यांच्याशिवाय दख्खनच्या नाण्यांचा अभ्यास आजही पुढे सरकत नाही.

नव्या वाचकासाठी आधी घणाच्या नाण्याची ओळख करून द्यायला हवी. यंत्र येण्यापूर्वी जगभरची नाणी हातानेच घडवली जात. आपल्याकडे चांदीचे नाणे पाडण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. पहिली आहत नाण्यांची. चांदी वितळवून तिचा पत्रा ठोकायचा, पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे तुकडे करायचे. तुकडा तराजूत जड भरला तर त्याचे कोपरे छाटून वजन ठरलेल्या मापावर आणायचे. मग सूर्य, षडर चक्र, हत्ती, बैल, डोंगर, झाड, मासे अशा चिन्हांचे छोटे ठसे त्यावर एकेक करून घणाने मारायचे. या नाण्याला कार्षापण म्हणत. मगध-मौर्य परंपरेच्या कार्षापणाचे वजन साधारण ३२ रत्ती, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम, आणि त्याच्या दर्शनी बाजूला पाच चिन्हे असतात. ठसे एकमेकांवर चढतात, अर्धे कडेबाहेर जातात, म्हणून एकाच टांकसाळीतली दोन नाणीही कधी सारखी दिसत नाहीत.

दुसरी रीत दोन ठशांची. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, चकतीवर वरचा ठसा, आणि वरून घाव. चित आणि पट एकाच घावात उमटतात. पश्चिमी क्षत्रपांची नाणी अशी पाडलेली आहेत, सातवाहनांची चांदीची नाणी अशीच, आणि निजामाचा रुपयाही. मोगली आणि आसफजाही रुपयात ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. त्यामुळे कोणत्याही एका रुपयावर पूर्ण मजकूर येत नाही. एकावर बादशहाच्या नावाचा अर्धा भाग, दुसऱ्यावर टांकसाळीचे नाव, तिसऱ्यावर साल. संपूर्ण वाक्य वाचायला अनेक नाणी शेजारी-शेजारी मांडावी लागतात. म्हणूनच नाणेशास्त्रात एकट्या नाण्यालाही मोल असते. ते कुणाच्या तरी अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग असू शकते.

दख्खनमध्ये चांदी कशी आली आणि कशी फिरली, याचा धागा इथे थोडक्यात सांगतो. इ.स.पूर्व काळात कार्षापण इथे मोठ्या संख्येने फिरत होते. आंध्रातल्या अमरावतीला सापडलेल्या एकाच ठेव्यात चांदीची सात हजारांहून अधिक आहत नाणी होती. परमेश्वरीलाल गुप्त यांनी त्यांचा अभ्यास हैदराबादच्या संग्रहालयासाठी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. हे चलन मौर्यांच्या राजवटीपुरते टिकले असे नाही. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरून ठेवलेल्या दानलेखात ७० हजार कार्षापणांचा हिशेब आहे आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा दरही आहे. त्याच लेण्यात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या दोन हजार कार्षापणांवर महिना शेकडा एक, आणि आणखी एक हजारांवर महिना शेकडा पाऊण असे व्याज ठरवून दिले आहे. तळहातावर मावणारे नाणे ठेवींच्या, व्याजाच्या, भिक्षूंच्या चीवरांच्या व्यवस्थेत कसे गुंतलेले होते, हे त्या ओळींतून दिसते.

याच सुमारास समुद्रमार्गे रोमची चांदी आली. नलगोंडा भागातल्या अक्कनपल्ली इथल्या ठेव्यात दीड हजारांवर रोमन दिनारिए होती. हे नाणे कार्षापणाहून थोडेच जड. केरळमधील एय्याल इथे तर रोमन नाणी आणि आहत नाणी एकाच ठेव्यात निघाली. दोन वेगळ्या परंपरांचा पैसा इथल्या एकाच थैलीत राहत होता. भारतात सापडणाऱ्या अनेक रोमन नाण्यांवर छिन्नीचा घाव दिसतो. कुणीतरी ते नाणे इथे पारखले, त्यावर खूण केली, आणि ते पुन्हा फिरू लागले.

क्षत्रपांनी दोन ग्रॅमच्या आसपासचे, राजाचा मुखवटा असलेले नाणे रूढ केले. सातवाहनांनी तोच आकार उचलला आणि एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि उज्जैनी चिन्ह घातले. मस्तकाच्या बाजूचा लेख प्राकृतात, तर मागच्या बाजूचा लेख दक्षिणेच्या भाषेत आहे. तो तमिळ म्हणायचा की तेलुगूचे जुने रूप, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे मिळाले, तेव्हा ही नाणी फारच दुर्मीळ होती. पुढे कलचुरी कृष्णराजाचे छोटे रूपक आले आणि ते त्याच्यानंतरही दीर्घकाळ चालले. अंजनेरीच्या ७१०च्या ताम्रपटात, म्हणजे कृष्णराजानंतर सुमारे दीड शतकाने, कृष्णराज-रूपकात रक्कम सांगितली आहे. लोकांचा भरवसा बसलेल्या नाण्याला राजा मेला तरी मरण येत नसे.

त्यानंतरच्या शतकांत इथे सोन्याला महत्त्व आले. यादवांची पद्मटंक सोन्याचीच आहेत. चांदी पुन्हा जोमाने आली ती १३४७ नंतर, बहमनी सुलतानांच्या अकरा-एक ग्रॅमच्या टंक्यातून, आधी गुलबर्ग्यात आणि मग बिदरला पाडलेल्या. कुतुबशाहीत रोजच्या व्यवहारात तांबे आणि मोठ्या व्यापारात सोन्याचे होन होते. १६३६च्या तहाने अब्दुल्ला कुतुबशहाने शाहजहानचे वर्चस्व मान्य केले आणि गोवळकोंड्यात शाहजहानच्या नावाचे चांदीचे रुपये पडू लागले. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतल्यावर हैदराबाद टांकसाळीच्या नावापुढे ‘दारुल जिहाद’ ही उपाधी आली. आसफजाही काळात ती बदलून ‘फर्खुंदा बुनियाद’ झाली. शहराचा राजकीय इतिहास असा नाण्याच्या एका ओळीत उमटला आहे.

निजामाच्या राज्यात १८५७ पर्यंत नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत. निजामाची ओळख म्हणून त्याच्या नावाचे आद्याक्षर असे. बादशाही संपल्यावर ‘आसफजाह’ आणि ९२ हा आकडा नाण्यावर आला आणि हाली सिक्का रूढ झाला. त्याआधी टांकसाळी एका ठिकाणी नव्हत्या. औरंगाबादेला पेस्टनजी मेहेरजी या पारशी सावकाराचा पेस्टनशाही रुपया पडला, तर गदवाल, नारायणपेठ इथे तिथल्या संस्थानिकांच्या टांकसाळी होत्या. रुपयाबरोबर अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा अशी छोटी चांदीची नाणीही याच घणाखाली घडत. त्यातले एक आण्याचे नाणे जेमतेम पाऊण ग्रॅमचे भरते. हैदराबादच्या शाही टांकसाळीची सुरुवात १८०३ मध्ये सिकंदरजाहच्या काळात सुलतानशाही भागात झाली. १८९५ मध्ये यंत्रे आली आणि १९०३ मध्ये टांकसाळ सैफाबादेत गेली. ब्रिटिश यंत्राचा कलदार आणि निजामाचा हाली यांचा दर पुढे १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै असा ठरला. मराठवाड्यातल्या जुन्या दस्तांत या दोन रुपयांचे हिशेब जागोजागी भेटतात. म्हणूनच या पुस्तकात सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या कार्षापणाशेजारी आपल्या पणजोबांच्या हातातला दोन आण्याचा सिक्काही ठेवला आहे. दोन्ही एकाच हातकामाची लेकरे आहेत.

या नाण्यांकडे पाहण्याच्या चार मुख्य दृष्टी आहेत, आणि चारही अजून जिवंत आहेत.

पहिली चिन्हे वाचणाऱ्यांची. आहत नाण्यांवर अक्षरे नाहीत, म्हणून त्यांची चिन्हे गटांत लावायची. वॉल्श यांनी १९३९ मध्ये तक्षशिलेच्या नाण्यांची तपशीलवार नोंद केली. १९३६ मध्ये जॉन ॲलन यांची ब्रिटिश म्युझियमची सूची निघाली होती. पुढे परमेश्वरीलाल गुप्त आणि टेरी हार्डेकर यांनी पाच चिन्हांच्या जुळण्यांची जी यादी केली, तिच्या क्रमांकाने आज जगभर ही नाणी ओळखली जातात. हे काम नाशिकजवळच्या अंजनेरीच्या भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेतून आले, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट आहे.

दुसरी दृष्टी लेख वाचून राजवंशांची क्रमवारी लावणाऱ्यांची. रॅप्सन यांची १९०८ची सूची तिचा पाया. विदर्भात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तऱ्हाळ्याच्या १९३९ मधल्या ठेव्यातून पुराणांत न सापडणारी काही सातवाहन राजांची नावे उजेडात आणली. ती नाणी पोटीनची होती, चांदीची नव्हती. पण पद्धत हीच, अर्धवट अक्षरांची अनेक नाणी एकमेकांना लावून नाव पुरे करायचे. आपल्या काळात शैलेंद्र भांडारे यांनी सातवाहन नाण्यांचा असा बारकाईने फेरविचार केला आहे.

तिसरी दृष्टी तराजूची. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४०च्या दशकात नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरले की झिजते. एका नाण्याचे वजन फारसे काही सांगत नाही, पण ठेव्यातल्या शेकडो नाण्यांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक सांगतो. जितका काळ चलनात, तितकी सरासरी कमी आणि फरक जास्त. हे सूत्र पडताळायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. जुन्या नाण्यांच्या मागच्या बाजूवर असलेल्या बारीक खुणा चलनात असताना वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या आहेत, आणि खुणा वाढतात तसे वजन उतरते, हेही त्यांनी दाखवले. राजाचे नाव नसलेल्या नाण्यांना त्यांनी काळाच्या रांगेत उभे केले. पण ही रीत ठेवा अखंड असेल तरच चालते. शंभरातली जड आणि देखणी वीस नाणी आधीच वेगळी विकली गेली असतील, तर सरासरी खोटी पडते आणि तिच्याबरोबर सारे गणितही.

चौथी दृष्टी उत्खननाची. यझदानी यांनी १९४०च्या सुमारास हैदराबादपासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या कोंडापूरला खणायला घेतले आणि घरे, भट्ट्या, मणी, शेकडो नाणी आणि नाणी ओतण्याचे मातीचे साचे मिळाले. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर निघाले हे तिथे नोंदले गेले. तिथल्या मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी हैदराबादच्या खात्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे व्ही. व्ही. कृष्णशास्त्री यांनी पेद्दबंकूरला मोठे उत्खनन केले; तिथे शिशाची हजारो नाणी मिळाली आणि चांदीच्या आहत नाण्यांचा ठेवाही. परवा परवा, २०२४ मध्ये, सूर्यापेठ जिल्ह्यातल्या फणीगिरीच्या बौद्ध स्थळी एका मडक्यात शिशाची ३,७३० नाणी निघाली. मडके जागेवर असताना नोंदले गेले, म्हणून त्याची संख्या, ठेवण आणि सोबतच्या वस्तू यांबद्दल कुणाला अंदाज करत बसावे लागणार नाही.

या चारही दृष्टींचा आधार जागा आहे. ते सर्वात स्पष्ट दिसते नाशिकजवळच्या जोगळटेंभीत. तिथे १९०६ मध्ये एकत्र सापडलेली सुमारे १३,२५० चांदीची नाणी सगळी नहपानाची होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. अशी दोन-चार नाणी बाजारात भेटली असती तर तो किरकोळ योगायोग वाटला असता. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, इतक्या प्रमाणात सापडल्याने तो पराभवाचा पुरावा झाला, आणि नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेल्या लेखातले नहपानाच्या क्षहरात कुळाच्या निर्मूलनाचे शब्द खरे ठरले. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो ठेवा पाहून लिहून ठेवला म्हणून आज आपण हे म्हणू शकतो.

आणि त्या जागेचा पहिला साक्षीदार बहुतेक वेळा सामान्य माणूस असतो. करीमनगर भागात गोदावरीकाठी कोटिलिंगाला म्हणून गाव आहे. धर्मपुरीचे संगनभट्ल नरहरी शर्मा यांनी तिथे सापडणारी नाणी जमवली आणि ती पुरालेखतज्ज्ञ परब्रह्मशास्त्री यांच्यापर्यंत नेली. त्या नाण्यांवर गोभद, नारान, कम्वाय, समगोप अशी सातवाहनांच्या आधीच्या स्थानिक राजांची नावे निघाली, आणि सातवाहन घराण्याचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या सिमुकाच्या नाण्यांनीही अभ्यासकांना विचार करायला लावले. पुढे हैदराबादचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. डी. राजा रेड्डी यांनी या नाण्यांवर मोलाचे काम केले. सातवाहनांची सुरुवात कुठे झाली, हा वाद त्या नदीकाठच्या तुकड्यांमुळे नव्याने पेटला. आज त्या परिसराचा काही भाग येल्लमपल्ली धरणाच्या पाण्याखाली आहे. ती नाणी वेळेवर, गावाच्या नावासह पुढे आली नसती, तर ती संधी पाण्याबरोबर गेली असती.

मराठवाड्यातही हेच घडले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांचा संग्रह आज त्यांच्याच नावाने शासकीय संग्रहालय म्हणून उभा आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी तेच केले. ही माणसे विद्यापीठातून आलेली नव्हती. आपल्या गावाच्या मातीला किंमत आहे, एवढे त्यांना कळले होते, आणि तेवढ्याने दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा मोठा भाग वाचला.

मग हे पुस्तक आजच का? कारण हा साक्षीदार आज सर्वात जास्त अडचणीत आहे. हैदराबादभोवतीचा १५८ किलोमीटरचा वर्तुळरस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी उठलेल्या वसाहती यांनी जी माती हलवली, ती पूर्वी कधीही इतकी हलली नव्हती. यंत्राच्या बादलीला नाणे दिसत नाही. नदीपात्रातली वाळू उपसली जाते तेव्हा काठच्या पांढरीही ढासळतात. धातुशोधक यंत्रे सहज विकत मिळतात, आणि संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय खणणे गुन्हा असला तरी रात्रीचे खड्डे पडतातच. फोनवर टाकलेल्या फोटोला तासाभरात गिऱ्हाईक मिळते, आणि पहिला प्रश्न ‘कितीला?’ हा असतो, ‘कुठे?’ हे कुणी विचारत नाही. चांदीचा भाव चढला की वितळवण्याचा मोह वाढतो. नकली नाणीही वाढली आहेत, आणि नकली नाण्याला सापडण्याची जागा नसतेच. म्हणून नोंद नसलेल्या अस्सल नाण्यावरही संशय येतो.

कायदा काय सांगतो? १८७८चा भारतीय निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी सूचना कलेक्टरला द्यायला सांगतो. त्या सूचनेत ठेव्याचे स्वरूप, सापडल्याची जागा आणि तारीख लिहायची असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जागा आणि तारीख मागितली, हे आजच्या अभ्यासकाला फार जवळचे वाटते. पण सरकारने ठेवा विकत घ्यायचा ठरवला तर मोबदला धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश, एवढाच. साडेतीन ग्रॅम चांदीच्या हिशेबाने तो किती होईल, हे सापडवणाऱ्याला लगेच कळते. राज्यांनी या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या आहेत, १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधने आणली आहेत. तरी सामान्य माणसाच्या मनात शिल्लक राहते ती भीतीच. ‘सांगितले तर पोलीस येतील, शेत अडकेल’ ही भीती आपल्या इतिहासाचे चोरट्यांइतकेच नुकसान करते.

इंग्लंडमध्ये हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला गेला. तिथे १६६२ पर्यंत नाणी घणाने पाडली जात आणि मध्ययुगीन चांदीची पेनी शेतात सापडणे नित्याचे आहे. १९९६च्या कायद्यानुसार असे एकटे नाणे सहसा ‘ठेवा’ ठरत नाही. तरीही १९९७ पासून तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी सापडवणाऱ्याला भेटतात, नाणे तोलतात, फोटो घेतात, जागा नोंदवतात आणि नाणे परत देतात. लोकांनी आपणहून दाखवलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद अशी खुली झाली आहे. तिथली जमीन, मालकी आणि कायदे वेगळे. ती व्यवस्था जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, आणि आणूही नये. पण सापडवणाऱ्याला चोर न मानता सहकारी मानायचे, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. लामतुरे आणि नरहरी शर्मा यांच्या उदाहरणांनी ते आपल्याकडे आधीच सिद्ध केले होते. आपण त्याला संस्थेचे रूप दिले नाही, एवढेच.

या पुस्तकाने घेतलेले काम या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे. ही नाण्यांची किंमतयादी नाही. किमती यात मुद्दाम दिलेल्या नाहीत. ही संपूर्ण सूचीही नाही; सूच्या चांगल्या आहेत आणि त्या संग्रहालयांनी केल्या आहेत. एखादे चांदीचे नाणे हातात आले तर ते कोणत्या कुळातले हे साध्या डोळ्यांनी, तराजूने आणि पट्टीने ओळखता यावे, त्यावरचे चिन्ह किंवा अक्षर कोणत्या बाजूने धरून पाहायचे हे कळावे, आणि ते नाणे पुढे कुणाकडे न्यायचे हे ठाऊक असावे, अशी या पुस्तकाची रचना आहे. प्रत्येक काळाच्या नाण्यांबरोबर ती नाणी कुठल्या गावांत, कशा परिस्थितीत सापडली याची हकीकतही दिली आहे, कारण नाणे आणि जागा एकत्र वाचायची सवय वाचकाला लावायची आहे. अभ्यासकांचे मतभेद लपवलेले नाहीत. ते जिथे आहेत तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

वाचकाकडे शेवटी एक मागणे आहे, आणि ते मनापासून आहे. नाणे सापडले तर ते घासू नका, लिंबू-चिंच लावू नका. काळिम्यात आणि मातीतही माहिती असते. अनेक असतील तर वेगळी करू नका, ज्या मडक्यात आहेत ते मडकेही ठेवा, फुटके असले तरी. तिथेच उभे राहून गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, किती खोल, कशाजवळ, कोणत्या दिवशी एवढे कागदावर लिहा आणि फोटो काढा. मग तहसील कार्यालयाला आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. राज्यकर्त्यांना आणि अधिकाऱ्यांनाही तितकीच विनंती आहे: कळवणाऱ्याला मान द्या, धातूच्या भावाहून वाजवी मोबदला द्या, आणि संग्रहालयाच्या पाटीवर राजाच्या नावाखाली सापडवणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, लिहा. दख्खनचा प्राचीन इतिहास नाण्यांवर उभा आहे, आणि ती नाणी कुणीतरी खाली वाकून उचलली होती. पुढचे नाणे उचलणारा माणूस काय करायचे हे जाणत असेल, तर या पुस्तकाचा हेतू पूर्ण झाला.